दिसेल असा वायू

"ती बाटली आधी घराबाहेर काढ!" भावजी दारातूनच ओरडले. पायातले बूटसुद्धा अजून काढले नव्हते त्यांनी.

त्यांची मुलगी, छोटी, माशांच्या टाकीपुढे गुडघे टेकून बसली होती. शेजारी साखरेचं पाणी आणि यीस्ट भरलेली बाटली. बाटलीच्या झाकणातून एक बारीक नळी निघून टाकीत गेली होती आणि नळीच्या टोकाला लावलेल्या सच्छिद्र दगडातून बुडबुडे सुटत होते.

"बाबा, ऐकून तरी घ्या. झाडं सगळी पिवळी पडलीत. त्यांना कार्बन डायऑक्साइड लागतो. तो असा घरच्या घरी..."

"तो काय असतो ते मला शिकवू नकोस."

छोटीने काकूकडे पाहिलं. काकू स्वयंपाकघराच्या दारात हात पुशीत उभी होती.

"भावजी, राहू द्या ती बाटली," काकू म्हणाली.

"वहिनी, वास येत नाहीये का तुम्हाला?"

"येतोय. म्हणूनच म्हणतेय."

भावजी आल्या पावली बाहेर निघून गेले.

फळांच्या रसाचं व्हिनेगर करायचा एक कारखाना होता. दोघे भाऊ तिथेच कामाला. धाकटा, म्हणजे भावजी, बाटल्या भरायच्या खात्यात. थोरला, म्हणजे काकूचा नवरा, रस आंबवायच्या हौदांवर. एका दुपारी रिकामा केलेला हौद धुवायला तो शिडीने आत उतरला. तळाशी थोडा गाळ, बाकी काहीच दिसत नव्हतं. पण आंबलेल्या रसातून निघालेला कार्बन डायऑक्साइड वायू हवेपेक्षा जड. तो खाली साचून बसला होता. त्याला ना रंग, ना वास. थोरला झाडू घेऊन वाकला तो पुन्हा उठलाच नाही. धाकटा धावत आला, "दादा, धर हात, धर!" करत निम्मी शिडी उतरला, तेव्हा बाकीच्यांनी त्याला काखेत धरून वर ओढलं. नाहीतर घरातली दोन माणसं एकदमच गेली असती.

छोटी तेव्हा रांगत होती. तिची आई बाळंतपणातच गेलेली. दीर-भावजय एकाच घरात राहिले आणि दोघांनी मिळून पोरीला वाढवलं. मोठ्या काकांना कारखान्यात अपघात झाला, एवढंच तिला ठाऊक होतं. त्यापुढचं घरात कोणी काढायचं नाही.

भावजींना तो आंबल्याचा वास म्हणजे हौद. काकूचं तसं नव्हतं. तिला तो वास म्हणजे संध्याकाळ. नवरा घरी यायचा तो हा आंबटगोड वास अंगावर घेऊनच. कॉलरमध्ये, केसांत, उशीच्या अभ्र्यात तो मुरलेला असायचा. ती नाक मुरडायची, "आधी आंघोळीला जा बघू" म्हणून मागे लागायची. तो गेला त्या आठवड्यात शेजारणींनी घर आवरून दिलं आणि अगदी चांगल्या मनाने त्याचे कामाचे सगळे शर्ट धुऊन टाकले. काकूला दिसले ते दोरीवर वाळताना. तिने एकेक शर्ट नाकाशी धरून पाहिला. साबण, नुसता साबण. पुढे लाँड्रीत कामाला लागली, आणि लोकांच्या कपड्यांतले डाग नि वास काढता काढता तिचे केस पांढरे झाले.

बाटली राहिली. भावजी मागच्या दाराने ये-जा करू लागले. काकू मात्र कामावरून आली की टाकीशेजारीच खुर्ची ओढून बसे. पाण्यातला हिरवा उजेड, पंपाची घरघर आणि तो वास. कधी कधी पाठीमागे दारात कोणी बूट काढतंय असं वाटायचं. ती मान वळवायची नाही. वळवली तर कोणी नसणार हे तिला पक्कं ठाऊक होतं; वळवली नाही तर तेवढाच वेळ दारात कोणीतरी होतं.

एका संध्याकाळी ती बोलून गेली, "आलात? पाणी तापलंय."

छोटी आतून डोकावली. "कोण आलंय, काकू?"

"कोणी नाही गं."

पुढे वास मंदावला. छोटी म्हणाली, "बाटलीतली साखर संपत आली असेल. रविवारी नवी भरू." पण रविवारपर्यंत थांबणं काकूच्याने झालं नाही. तिने गुपचूप बाटली धुतली, कोमट पाणी घेतलं आणि छोटी घालायची त्याच्या दुप्पट साखर आणि यीस्ट घातलं. जेवणं होईपर्यंत वास घरभर पसरला. त्या दिवशी ती पुढच्या खोलीतच आडवी झाली, आणि किती तरी वर्षांनी तिला अशी गाढ झोप लागली.

उजाडताना जाग आली आणि तिची नजर टाकीकडे गेली. सगळे मासे वर आले होते. तोंडं पाण्याबाहेर, उघडत होती, मिटत होती, उघडत होती. अंधारात झाडं वायू घेत नाहीत. बाटली मात्र रात्रभर तो सोडतच राहिली होती.

"भावजी!"

भावजी धावत आले. त्यांना सांगावं लागलं नाही. त्यांनी नळी उपसून काढली, आंघोळीचा मग उचलून आणला आणि टाकीतलं पाणी उचलून वरून पुन्हा टाकीतच ओतू लागले, म्हणजे वायू निघून जावा, हवा मिसळावी. "धरा रे, धरा जरा," ते पुटपुटत होते, "धरा, धरा." काकूही पातेलं घेऊन भिडली. छोटीने खिडक्या उघडल्या. जमीन भिजली, तिघांचे कपडे भिजले. हळूहळू एकेक मासा खाली गेला. लाल शेपटीचा एक तेवढा गेला नाही. कुशीवर तरंगत राहिला.

"जास्तीची साखर मी घातली," काकू ओल्या जमिनीवरच बसली.

"कळलं होतं मला. रात्री वास आला ना." भावजींनी हातातला मग खाली ठेवला. "दादाच आल्यासारखं वाटलं, वहिनी. मी उठून बाहेर आलो नाही, इतकंच."

छोटी म्हणाली, "आता मला कोणी काही सांगणार आहे का?"

भावजींनी सांगितलं. अगदी शिडीपर्यंतचं सगळं. सांगून झाल्यावर तोंड धुवायला म्हणून उठले ते बराच वेळ नळापाशीच होते.

काकू आणि छोटी दुकानात गेल्या. माशांचा दुकानदार बडबड्या होता. "घरी भरलेल्या बाटलीला लगाम नसतो हो. या वायूचा सिलिंडरच न्या. वास नाही, आणि चावी फिरवली की वायू बंद. आता तो पाण्यात विरवायचा कसा, एवढंच ठरवा." त्याने एक उलटी वाटी दाखवली. तिच्याखाली वायू अडकून राहतो आणि सावकाश विरतो. पण एवढ्या मोठ्या टाकीला ती पुरायची नाही. मग पंपाच्या नळीत बसणारं एक यंत्र काढलं. "हे बघा! वायू आतल्या आत विरतो. टाकीत बुडबुडा म्हणून दिसायचा नाही. पाणी कसं नितळ! हल्ली सगळे हेच नेतात."

"नको," काकू म्हणाली.

"अहो, यासारखं दुसरं..."

"मला दिसला पाहिजे. किती येतोय, कुठे जातोय, मला डोळ्यांनी बघता आलं पाहिजे."

छोटीने काकूचा हात धरला. दुकानदाराने काचेची एक लहानशी वाटी काढली. तिच्या तोंडावर पांढरी सच्छिद्र चकती बसवलेली होती. "यातून धुक्यासारखे बारीक बुडबुडे येतात. पण चकतीला शेवाळ धरतं. सारखी घासावी लागेल. कटकट आहे."

"घाशीन की. जन्मभर दुसरं काय केलंय?"

संध्याकाळी भावजींनी सिलिंडर भिंतीशी घट्ट बांधला, सांधे साबणाच्या फेसाने तपासले, पुन्हा तपासले. छोटीने चकती तळाशी बसवली. पांढरी बारीक धार पानांमधून वर चढू लागली.

"दिवा बंद करायच्या आधी चावी बंद करायची," छोटी म्हणाली. "रोज. विसरून चालणार नाही. मी..."

"मी करत जाईन," काकू म्हणाली.

वेळ झाली तशी तिने चावी फिरवली. धार विरळ झाली, तुटली. उरलेसुरले बुडबुडे एकामागून एक वर गेले.

"वहिनी, पानं वाढलीत. या जेवायला," भावजींनी आतून हाक मारली.

"आले."

एक बुडबुडा पानाच्या खालच्या बाजूला चिकटून राहिला होता. तो सुटेपर्यंत ती तिथेच उभी राहिली.