किल्ली आतच राहिली

लॅपटॉपच्या पोटाखाली चिकटपट्टीचा पिवळट चौकोन अजून होता – बोट ठेवले तर किंचित धरणारा, आणि रिकामा. त्याने लॅपटॉप सरळ केला. निळ्या पडद्यावर तीच मागणी: रिकव्हरी की टाका. कुलूप उघडणाऱ्या किल्लीच्या आकड्यांचे आठ गट, आणि पहिल्याच चौकटीत लुकलुकणारी उभी रेघ...

हे त्यानेच ओढवून घेतले होते. सकाळी ताई म्हणाली होती, "चालतंय ना ते? मग कशाला हात लावतोस?" आणि जन्मभर तंत्रनिकेतनात यंत्रांची देखभाल शिकवलेल्या माणसाने तिच्या लॅपटॉपचे फर्मवेअर, म्हणजे आतली मूळ प्रणाली, बदलायला घेतले – फाइलींवरचे कुलूप, म्हणजे एन्क्रिप्शन, आधी तात्पुरते थांबवायचे, ही पहिलीच पायरी गाळून. विद्यार्थ्याने गाळली असती तर त्याने त्याला कार्यशाळेबाहेर उभे केले असते. पायरी ठाऊक नव्हती असे नाही. थोरल्या बहिणीसमोर आपलेच खरे करायची घाई, दुसरे काय?

किल्लीच्या आकड्यांचा कागद ताईने याच चौकोनात चिकटवला होता. तेव्हा तो केवढा चिडला होता...

"कुलपालाच किल्ली बांधतेस? मग कुलूप कशाला?"

"सापडायला नको का रे? हल्ली मी चष्मा लावून चष्मा शोधते."

तो हसला नव्हता. कागद फाडण्याआधी त्याने आकडे टंकून घेतले, दोनदा ताडून पाहिले, फाइलला तारखेसकट नाव दिले – आणि ती फाइल ठेवली याच लॅपटॉपवर. पेनड्राइव्हवर नंतर घेऊ, असे म्हणून. इंटरनेटवरच्या खात्यात ठेवायलाही विरोध त्याचाच. आता किल्ली कुलपाच्या आत होती, आणि तिच्याबरोबर ताईचे सगळे लिखाण – डॉक्टरांनी सुचवल्यापासून, विसरायच्या आत म्हणून, ती रोज टंकत असलेले जुने घर, आई, बाबा. त्याच्या स्वतःच्या फाइलींची प्रत दर आठवड्याला न चुकता निघे. तिच्या फाइलींची... राहून गेली.

"वाच की एकदा," असे ती कितीदा म्हणाली होती. एकदा त्याने फाइल उघडलीही होती – समास सारखे केले, आणि बंद केली.

"उघडलं का, इंजिनियरसाहेब?" ताई दोन कप घेऊन दारात उभी होती.

"नाही, ताई. आता बहुतेक उघडणारच नाही. चूक माझी आहे."

तिने कप टेबलावर ठेवले आणि वाकून पडद्याकडे पाहिले. रागावेल, निदान टोमणा मारेल, म्हणून तो वाट पाहत होता.

"त्यात काय होतं रे माझं?"

दुसरा कोणताही बिघाड असता तर पुढची पायरी आपोआप सुचली असती. त्याने लॅपटॉप मिटला.

"आपलं जुनं घर लिहीत होतीस तू. कुठून सुरुवात केली होतीस?"

ती खुर्चीत टेकली. "दारापासून असेल. दोन दारं होती ना आपल्याला? पुढचं, आणि बाबा कामावरून यायचे ते मागचं..."

दार एकच होते. दुरुस्ती जिभेच्या टोकाशी आली – अगदी सवयीने – आणि त्याने चहाचा घोट घेतला.

"मग?" तो म्हणाला.

ती सांगत राहिली, आणि ऐकता ऐकता, ज्याची एवढी खात्री होती ते एकच दार त्याच्या डोळ्यांसमोर नीट उभे राहीना.