निळं किती खोल गेलं

अगानेतानं सूर्यफुलाच्या बीचं टरफल थुंकलं आणि खड्ड्यात उतरलेल्या बाईला म्हणाली, "जपून गं. पडलीस तर वर काढायला इथं पुरुष एकच, आणि तोही बेर्नहार्ड."

काठावर फावड्याला रेलून उभा असलेला तिचा धाकटा हसला. "आई, खड्डा मीच खणलाय."

"म्हणून तर वाकडा आहे."

खड्ड्यातली इत्सेल जमिनीतल्या पाण्याचा अभ्यास करायला चिवावा शहराहून आली होती. मागच्या पावसाच्या तोंडावर तिनं या रानात चार जागी निळा रंग शिंपला होता. वर्षाचा पाऊस तो किती खोल नेतो, हे आता खणून बघायचं. मुळांच्या खाली गेला तर पाणी विहिरींकडे झिरपतंय म्हणायचं. वरच अडला तर सगळा पाऊस ऊन आणि घेवडाच पिऊन टाकतोय.

मेनोनाइट या जुन्या चालीच्या ख्रिस्ती पंथाच्या वसाहतीला हे उत्तर विहिरींसाठी हवं होतं, अगानेताला योहानसाठी. विहीर आटली तसा तिचा थोरला बायकापोरं घेऊन बोलिव्हियाला गेला. जाताना म्हणाला, "पाणी परत भरतंय असं त्या बाईनं सांगितलं तर येईन. नाहीतर माझा जमिनीचा तुकडा विकून टाका." गिऱ्हाईक तयार होतं. रविवारी त्याचा फोन यायचा होता.

तीन खड्ड्यांत निळं गुडघाभर खोलीच्या खाली उतरलं नव्हतं. हा चौथा, योहानच्या बंद घरामागचा. इत्सेल छातीभर आत उभी होती आणि निळं तिच्या पायांशीही दिसत होतं.

"अरे वा!" बेर्नहार्डनं शीळ घातली. "आला योहान! आता त्याची गाय परत द्यावी लागणार मला."

एरवी अगानेतानं त्यावर चार शब्द सुनावले असते. आज तिनं नुसतीच बियांची पिशवी मुठीत आवळली.

इत्सेलनं मातीचं ढेकूळ कुस्करून नाकाशी धरलं. मग डोकं वर काढून सभोवार पाहिलं. सगळं रान करपलेलं, आणि या एवढ्याशा पट्ट्यात घोळीची भाजी हिरवीगार.

"बेर्नहार्ड, गाडीतून माझी पाण्याची बाटली आणता?"

तो लांब गेल्यावर तिनं विचारलं, "अगानेताबाई, धुणं कधी असतं तुमच्याकडे?"

"सोमवारी. सगळी वसाहत सोमवारीच धुते. तुम्ही शहरातल्या काय रविवारी धुता?"

"आणि साबण?"

"घरचा. डुकराच्या चरबीचा." तिनं खड्ड्यात डोकावलं. "वास लागला होय?"

"लागला."

"बाईमाणसाला धुण्याचं पाणी कुठंतरी ओतावंच लागतं."

"बादल्या उचलून एवढ्या लांब? वर्षभर?"

अगानेतानं डोक्याचा काळा रुमाल पुढं ओढला.

"हा खड्डा मला मोजणीत धरता येणार नाही," इत्सेल हळू आवाजात म्हणाली.

"तुला मूल आहे?"

"एक मुलगी आहे."

"कुठं असते?"

"माझ्याजवळच."

"मग तुला नाही कळायचं. नको धरूस. तुझं बरोबर आहे."

बेर्नहार्ड बाटली घेऊन आला तसं अगानेतानं खड्ड्याकडे बोट केलं. "बुजव. हा मोजणीत नाही."

"अगं पण छातीपर्यंत..."

"बुजव म्हटलं ना. आणि सरळ बुजव."

रविवारी चर्चमधून आल्यावर फोन वाजला. योहानच्या आवाजामागे पत्र्यावर काहीतरी तडतडत होतं.

"किती खोल गेलं, आई?"

भिंतीला टेकून तिनं ते तडतडणं ऐकलं.

"गुडघाभर," ती म्हणाली. "तिकडे पाऊस चाललाय का रे?"

"रोजच असतो."

"मग पोरांना आत घे. भिजतील."

सोमवारी तिनं धुणं वाळत घातलं. साबणाच्या पाण्याची बादली उचलून मोरीकडे निघाली, ती योहानच्या घरामागेच येऊन थांबली. बुजवलेली माती अजून भुसभुशीत होती. तिनं बादली ओतली आणि पाणी दिसेनासं होईपर्यंत तिथंच उभी राहिली.