साठ किलोंची वस्ती

चर्चच्या मागच्या खोलीतल्या वजनकाट्याची सुई एका सोमवारी साठवर अडकली, आणि त्या दिवसापासून आमच्या वस्तीतली उपासमार संपली. कागदावर हो, पोटात नाही.

चर्चच्या मदतीचा नियमच तसा होता. जेवायला येईल त्याला आधी काट्यावर उभं करायचं, आकडा लिहायचा, मग वाडगं भरायचं. लिहायचं काम सिस्टरकडे. ती इतकी प्रामाणिक, की स्वतःच्या डोळ्यांपेक्षा सुईवर तिचा विश्वास जास्त. म्हातारा चढला, साठ. त्याची नुसती काठी ठेवली, साठ. बाळंतीण बाळासकट साठ, बाळ एकटंही साठ.

"अंगावर पिणारी बाळं भरतात चांगली," असं म्हणून सिस्टर लिहून मोकळी झाली.

महिन्याभरात मुख्य कार्यालयाचं पत्र आलं. अभिनंदन! तुमच्याकडची भूक हटली, तेव्हा जेवणाचं मोठं पातेलं आता दुसऱ्या वस्तीला जाईल. बिशपसाहेब स्वतः येऊन घेऊन जातील.

पत्र ऐकून स्वयंपाक करणारी मावशी तडक फादरांकडे गेली. तिच्या नवऱ्याला टीबी. गोळ्या दवाखाना फुकट देई, पण रिकाम्या पोटी घेतल्या की उलटून पडत. अजून दोन महिने घ्यायच्या होत्या. पातेलं गेलं तर गोळ्या पोटात राहणार नाहीत, आणि गोळ्या राहिल्या नाहीत तर नवरा राहणार नाही.

"फादर, काटा बिघडलाय, कळवा की वर!"

"कळवलं असतं गं. पण तक्रारीच्या फॉर्मवर काट्याचं वजन लिहावं लागतं. ते कशावर करू?"

ठरल्या दिवशी गाडी आली. आधी पोट उतरलं, मागून बिशपसाहेब. रांग उभीच होती. मावशी हातातल्या पळीसकट आडवी आली.

"साहेब, पातेल्याला हात लावायच्या आधी तुम्ही एकदा काट्यावर चढा. म्हणजे कळेल सगळ्यांना."

फादरांनी डोळे मिटले. पण बिशपसाहेबांनी मुकाट बूट काढले, अंगठी काढली, गळ्यातला क्रूसही फादरांच्या हातात दिला, श्वास रोखला आणि चढले. काटा कण्हला. सुई साठवर.

"बघा!" मावशी ओरडली. "आता सांगा, हे साठ आहेत?"

बिशपसाहेब सुईकडे बघत राहिले. त्यांचे डोळे भरून आले.

"डॉक्टर एकशे दहा म्हणतो. तीन वर्षं नुसतं उकडलेलं खातोय मी, मावशी. आज पहिल्यांदा कुणीतरी दखल घेतली."

"अहो, तो काटा बिघडलाय!"

"तोंड सांभाळा. हा काटा पवित्र आहे. ड्रायव्हर, गाडीत ठेव."

मावशीने इतके दिवस उगाच वस्तीला जेवू घातलं नव्हतं. कुणाला काय हवंय ते तिला रांगेत बघून कळे. तिने आवाज खाली आणला.

"न्या की साहेब. तुमच्याच हातात शोभतो तो. पण गाडीत पातेलं मावेल नाहीतर काटा."

"मावतील की दोन्ही," म्हणायला ड्रायव्हरने तोंड उघडलं, तेवढ्यात मावशीने त्याच्या हातात काठोकाठ भरलेलं वाडगं दिलं. तो म्हणाला, "नाही मावणार."

बिशपसाहेबांनी पातेल्याकडे पाहिलं, काट्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या पोटाकडे. काटा मागच्या सीटवर गेला, अंगावर शाल पांघरून. शेजारी पातेल्यापुरती जागा मात्र रिकामीच राहिली. बिशपसाहेब पुढे बसले आणि दर दोन मिनिटांनी मागे वळून बघत होते म्हणे.

"आता मी काय लिहू?" सिस्टर रडकुंडीला आली.

"रकाना कोरा ठेव," फादर म्हणाले. "कोऱ्या रकान्यावर निर्णय घ्यायला वर तीन समित्या लागतात. वर्ष जाईल."

मावशीने पहिलं वाडगं नवऱ्यासाठी भरलं. चार घास त्याच्या पोटात गेल्यावर गोळी त्याच्या जिभेवर ठेवली आणि पळी उगारून ती गिळली जाईपर्यंत समोर उभी राहिली. सगळी रांग तोवर थांबून होती.