डोळ्यात आलेला दात

माझी मुलगी अर्पिता वाटूरला दातांची डॉक्टर आहे. तिची आई मागच्या पोळ्याला गेली. तेव्हापासून घर खायला उठतं, म्हणून मी दिवसभर अर्पिताच्या दवाखान्यात बाकावर बसतो.

एकदा गावातल्या रामरावांची दाढ घासताना बारीक तुकडा उडून तिच्या डोळ्यात गेला. जालन्याच्या डॉक्टरांनी तो काढला. म्हणाले, डोळा थोडक्यात वाचला.

तिने मोठा चष्मा आणला. पिवळट काचा, बाजूंनी बंद. तो घालून ती दारात आली, तर रामरावांची भावजय उषाबाई पदर तोंडावर घेऊन उठलीच.

"म्याडमचे डोळे आलेत. बघितलं की आपल्याला बी येतेत."

तिच्यामागे सगळा बाक रिकामा झाला. अर्पिताने चष्मा काढून ड्रॉवरमध्ये टाकला.

"अगं, घाल की तो," मी म्हणालो.

"कोणासाठी घालू बाबा? पेशंट पळून राह्यलेत."

"तुझी आई गेली. आता तुझा डोळा गेला तर मी कोणाकडं बघायचं?"

तिने ड्रॉवर ढकलून बंद केला. चष्मा काही घातला नाही.

दोन-तीन दिवसांनी गाल सुजवून उषाबाई परत आली. दारातूनच विचारलं, "म्याडमचे डोळे बरे झाले का?"

"आलेच नव्हते," मी म्हणालो. "डोळ्यात दात आल्ता."

"दात? डोळ्यात?"

"रामरावांचा. तो पुन्हा येऊ नये म्हणून चष्मा."

बाकावरचे सगळे हसायला लागले. रामराव कोपऱ्यातच बसले होते. "दात न्हाई, दाढ होती," ते म्हणाले.

"भाऊजी, तुमची दाढ बी तुमच्यासारखीच," उषाबाई म्हणाली. "बोलावलं न्हाई तिथं बराबर जाती."

मग तिचा नंबर आला. खुर्चीत बसली, पण तोंड उघडेना.

"आ करा, मावशी."

"आधी तुमचा चष्मा घाला. उद्या माझा दात उडाला तर भाऊजी मला जन्मभर बोलत राहतील."

अर्पिताने दारातून माझ्याकडे बघितलं. हसली, आणि ड्रॉवर उघडला. उषाबाईने लगेच आ केला, आणि उगाच आपले डोळे यायला नकोत म्हणून की काय, डोळे मात्र गच्च मिटून घेतले.

मशीन सुरू झालं. मी चहा सांगायला बाहेर गेलो. रामरावांचाही सांगितला.