गायिकेची सर्दी

दातांचे डॉक्टर दिवसभर लोकांच्या तोंडात ड्रिल फिरवून घरी यायचे तेव्हा ते ड्रिल त्यांच्या डोक्यात चालूच असायचं. त्यावर उतारा म्हणून बूट काढायच्या आधी ते रेकॉर्ड लावायचे. रेकॉर्ड बहुतेक एकच. एका भरड्या गळ्याच्या बाईची, मागे पियानो, ड्रम आणि माणसाएवढं उंच व्हायोलिन. बाई कुठल्याशा परक्या भाषेत गायची. ती काय म्हणते हे डॉक्टरांना आजवर कळलं नव्हतं, पण ती दाढ दुखते असं नक्कीच म्हणत नव्हती, आणि डॉक्टरांना तेवढं पुरेसं होतं.

अँप्लिफायर लग्नाच्या आसपास घेतलेला. चांगला तापायचा. डॉक्टरांची बायको तलावावर मुलांना पोहायला शिकवायची, ती आपली ओली टोपी त्याच्यावर वाळत घालायची. टोपी वाळायची, बाई गायची, कोणाची काही तक्रार नव्हती.

तक्रार आणली मेव्हण्याने. बायकोचा हा धाकटा भाऊ विमा कंपनीत होता. ठोकलेल्या गाड्यांची पाहणी करायची आणि नुकसान किती ते सांगायचं, हे त्याचं काम. त्यामुळे कुठलीही वस्तू बघितली की ती कुठे बिघडली आहे हे तो आधी बघायचा. एका संध्याकाळी तो सोफ्यावर बसून डोळे मिटून ऐकत राहिला आणि म्हणाला, "भाऊजी, राग मानू नका, पण तुमच्या बाईंच्या तोंडावर पडदा आहे."

"कसला पडदा?"

"जाड. तुम्हाला सवय झालीय म्हणून कळत नाही."

झालं. त्या क्षणापासून डॉक्टरांना पडद्याशिवाय काही ऐकू येईना. पेशंटच्या तोंडात कापूस कोंबताना त्यांना बाई आठवायची.

शेवटी दोघे हाय-फायच्या दुकानात गेले. तिथला दुकानदार इतक्या हळू बोलायचा की प्रत्येक वाक्याला गिऱ्हाइकाला वाकावं लागायचं. एकदा वाकलेलं गिऱ्हाईक सहसा सरळ होऊन परत जात नसे. त्याने डॉक्टरांचे दोन्ही हात धरून एका नव्या अँप्लिफायरच्या काळ्या पेटीवर ठेवले. पेटीला एकच बटण होतं आणि वजन मात्र लहान म्हशीइतकं.

"घरी न्या," तो पुटपुटला. "महिनाभर ऐका. नाही पटला तर आणून द्या. पण तुम्ही आणणार नाही."

रविवारी सकाळी दोघांनी मिळून तो जोडला. मेव्हण्याच्या बोटाला चिमटा बसला, डॉक्टरांच्या कमरेत उसण भरली. मग रेकॉर्ड लागली.

"आहाहा," मेव्हणा म्हणाला. "गेला पडदा."

"गेला," डॉक्टर म्हणाले. "अरे, तिचा श्वास ऐकू येतोय."

"तो माझा आहे," बायको मागून म्हणाली. ती कपड्यांची बादली घेऊन जिना चढून आली होती. "मला तर पहिल्यासारखंच वाटतंय. टोपी कुठे वाळत घालू? हा तापत नाही का?"

दोघांनी एकमेकांकडे बघून मान हलवली.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जायला डॉक्टर दार ओढून घेत होते, तेवढ्यात शेजारचं दार उघडलं आणि सिस्टर बाहेर आल्या. छातीच्या आजारांच्या वॉर्डात उभा जन्म काढून त्या निवृत्त झाल्या होत्या. पांढरी टोपी जाऊन बरीच वर्षं झाली, तरी इमारतीतली सगळी माणसं त्यांना सिस्टरच म्हणायची, आणि जिन्यात भेटल्या की आपसूक खोकून दाखवायची.

"डॉक्टर," त्या म्हणाल्या, "बाईंना बरं नाही का?"

"हिला? नाही, ठणठणीत आहे. तलावावर गेली."

"तुमच्या घरच्या बाई नाही हो. त्या संध्याकाळी गातात त्या. कालपासून नाक चोंदल्यासारखं वाटतंय. आणि तो ड्रमवाला, त्याच्या पोटात गच्च वायू धरलाय."

डॉक्टर चावी हातात धरून तसेच उभे राहिले. त्यांची बैठकीची खोली आणि सिस्टरांची झोपायची खोली यांच्यामध्ये एकच भिंत होती. म्हणजे गेली इतकी वर्षं त्या ऐकत होत्या.

"तुम्हाला त्रास होत असेल तर..." ते चाचरले.

"त्रास कसला. मी गुडघ्याला तेल लावते तेव्हा मला त्या लागतातच. फक्त त्यांना वाफ द्या."

दवाखान्यात पोचेपर्यंत डॉक्टरांच्या मनात लख्ख प्रकाश पडला होता. मेव्हण्याला फोन लावून ते म्हणाले, "अरे, सिस्टरांना नवीन पेटीबद्दल काही ठाऊक नाही. पेटी दिसलेली नाही, किंमत माहीत नाही, दुकानदार भेटलेला नाही. नुसता कान. असा कान जगात मिळत नाही."

"भिंतीपलीकडून?" मेव्हणा म्हणाला. मग जरा थांबून, "खरं आहे. भिंत कोणाची बाजू घेत नाही."

त्या दिवसापासून सिस्टरांची परीक्षा सुरू झाली, सिस्टरांना पत्ता न लागता. डॉक्टर स्पीकर टाचेने दोन बोटं पुढे सरकवायचे आणि सकाळी जिन्यात रेंगाळायचे. सिस्टर दूध घ्यायला निघाल्या की विचारायचे, "काय, कशी काय तब्येत?" आणि सिस्टर गुडघ्याबद्दल बोलायला लागल्या की घाईने, "नाही, त्यांची."

"तशीच आहे. घसा बसलाय."

मेव्हण्याने स्पीकरच्या खाली चेंडू अर्धे कापून ठेवले. सिस्टर म्हणाल्या, कफ अजून सुटलेला नाही. डॉक्टरांनी बोटाएवढ्या जाड वायरी आणल्या. सिस्टर म्हणाल्या, पियानोवाल्याला थंडी वाजते आहे, दात वाजताहेत. दातांचा विषय निघाल्यावर डॉक्टरांना ते फारच लागलं. शेवटी त्यांनी निमूट जुना अँप्लिफायर माळ्यावरून काढला, पुसला आणि जोडला.

सकाळी सिस्टर हसतच बाहेर आल्या. "उतार पडला हो. काल अगदी मोकळा आवाज. ड्रमवाल्याचं पोटही साफ."

डॉक्टरांना त्यांचा हात हातात घ्यावासा वाटला, पण त्यात दुधाचं भांडं होतं.

डॉक्टरांनी नवीन पेटी परत नेऊन दिली तेव्हा दुकानदाराने भुवया उंचावल्या. "काय कमी वाटलं?"

"गायिकेला सर्दी होते," डॉक्टर म्हणाले.

दुकानदाराने बराच वेळ डोळे मिटून घेतले. "हो," तो श्वासाच्या आवाजात म्हणाला. "या मॉडेलची ती खोड आहे. सगळ्यांना कळत नाही. तुमचा कान फार तयार आहे."

कान कोणाचा हे सांगायचं डॉक्टरांच्या जिभेवर आलं होतं. पण अशी तारीफ त्यांच्या वाट्याला फारशी यायची नाही. लोक त्यांच्यासमोर बसायचे ते तोंड उघडून, पण बोलता न येणाऱ्या अवस्थेत. त्यांनी ती तारीफ खिशात घातली आणि घरी आले.

आता खरं म्हणजे गोष्ट इथेच मिटायची. पण डॉक्टरांना एक हाव सुटली. त्यांना सिस्टर ऐकतात ते ऐकायचं होतं. एका संध्याकाळी बायकोला रेकॉर्ड लावायला सांगून ते बिस्किटांचा पुडा घेऊन शेजारी गेले आणि, जरा ऐकू का, असं विचारत उभे राहिले. पुडा बघून सिस्टरांनी त्यांना आत घेतलं, पलंगावर बसवलं आणि स्वतः खुर्चीत बसून गुडघ्यावर तेल घेतलं.

भिंतीला लागून एक भलंमोठं लाकडी कपाट होतं. त्याच्या मागून बाईचा आवाज आला, लांबून, ऊबदार, जणू ती शेजारच्या खोलीत कोणासाठी तरी गात असावी. डॉक्टर कपाटाकडे सरकून बसले. इतक्या वर्षांत ती त्यांना इतकी आवडली नव्हती.

"जरा अंग झाकून घेते, गारवा आहे," म्हणत सिस्टर उठल्या आणि त्यांनी शाल काढायला कपाटाची दोन्ही दारं उघडली.

बाईचा घसा मोकळा झाला. ड्रम सुटा झाला. पियानो ताठ बसला.

सिस्टरांनी दारं लावली. बाईचं नाक चोंदलं.

डॉक्टर सावकाश उठले. त्यांनी दारं उघडली. लावली. एकच उघडलं. पुन्हा दोन्ही लावली. पलीकडे त्यांची बायको इस्त्री करत होती, तिने कशालाही हात लावलेला नव्हता.

"सिस्टर," ते म्हणाले, "या कपाटात काय असतं?"

"भाची आली होती ना मुलाबाळांना घेऊन, त्यांच्या गाद्या, रजया. त्या रविवारी गेली ती मंडळी, मग सगळं कोंबलं आत. मध्ये एकदा उन्हात टाकल्या होत्या. पुन्हा भरल्या परवा." सिस्टर त्यांच्याकडे निरखून बघायला लागल्या. "डॉक्टर, तुम्ही घामेजलात. पालथे झोपा बघू, पाठ तपासते."

पाठ तपासून झाल्यावर डॉक्टर घरी आले आणि त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. ती इस्त्री बंद करून खाली बसली, कारण उभ्याने हसणं तिला झेपेना. तलावाच्या एका काठावरून दुसऱ्या काठाला ओरडायची सवय असलेल्या बाईचं हसणं ते. सिस्टरांनी भिंतीपलीकडून विचारलं, कोणाला उचकी लागली का.

मेव्हण्याला मात्र हसू आलं नाही. तो दुसऱ्या दिवशी मोजपट्टी घेऊन हजर झाला.

"कपाटाचं लाकूड कोणतं आहे?"

"अरे, मुद्दा लाकडाचा नाही," डॉक्टर म्हणाले. "मुद्दा असा की आपण चेंडू कापत होतो आणि सिस्टर गाद्या भरत होत्या."

"भाऊजी, तुम्ही धीर सोडू नका. गाद्या कापसाच्या की फोमच्या, हे बघायला हवं."

सिस्टरांनी त्याला मोजू दिलं, आत डोकावू दिलं, एक रजई हुंगूही दिली. जाताना त्यांनी त्याची जीभ बघितली आणि भावाला पोटाची औषधं द्या, असं डॉक्टरांच्या बायकोला बजावलं. आठवड्याच्या आत मेव्हण्याने आपल्या घरात तसंच कपाट उभं केलं आणि त्याच्या बायकोने एक खोली कायमची आतून लावून घेतली.

डॉक्टरांना दुकानदाराचं वाईट वाटत होतं. चांगल्या पेटीवर खोटा आळ घेतला, तो काढावा म्हणून ते मुद्दाम गेले. पेटी कोपऱ्यात नव्हतीच.

"विकली," दुकानदार कुजबुजला. "खोड असलेली म्हणून कमी भावात दिली. घेणारा म्हणाला, सर्दीचं मी बघतो, माझ्याकडे कपाट आहे."

"विमा कंपनीतला?"

दुकानदाराने डोळे मिटून होकार दिला.

घरी येताना डॉक्टरांनी ठरवलं की सिस्टरांना एकदा तरी समोर बसवून ऐकवायचं. भिंत नाही, कपाट नाही. बायकोने सोफा ओढून अगदी मधोमध घेतला, मेव्हण्याचे चेंडू काढून टाकले. सिस्टर चांगली साडी नेसून आल्या. कोणाच्या तरी मुलीला बघायला यावं तशा त्या स्पीकरांसमोर पाय जुळवून बसल्या.

रेकॉर्ड लागली. बाई गायली. डॉक्टरांनी श्वास धरला होता. त्यांना स्वतःला ती खरोखर चांगली वाटत होती, आणि आपल्याला ती कशामुळे चांगली वाटते आहे हे आता त्यांना अजिबात सांगता आलं नसतं.

पहिलं गाणं संपल्यावर डॉक्टरांनी सुई उचलली, तशा सिस्टर पुढे झुकल्या.

"छान आहेत," त्या हळूच म्हणाल्या, बाईला ऐकू जाऊ नये अशा बेताने. "पण फार जवळून गातात हो. समोर बसून कोणी इतकं मनातलं सांगायला लागलं की मला उठून त्यांच्यासाठी काहीतरी करावंसं वाटतं. तापमान तरी घ्यावं. मला आपलं पलीकडूनच बरं."

"तुम्हाला आवडलं नाही?"

"आवडलं म्हणूनच जाते. उरलेलं तिकडे ऐकते. गुडघे पण राहिलेत."

त्या उठल्या, बायको त्यांना दारापर्यंत सोडून आली. डॉक्टर सुई ठेवायला निघाले तसा तिने त्यांचा हात धरला.

"थांब ना. त्यांना खुर्चीत तरी बसू दे."

दोघं सोफ्यावर बसून राहिली. शेजारचं दार लागलं. चपला काढल्या गेल्या. तेलाची बाटली कशावर तरी टेकल्याचा आवाज आला. मग भिंतीवर दोनदा टकटक झाली आणि डॉक्टरांनी सुई खाली ठेवली.