तेलमामा आणि तरंगता दांडा

तेलमामांच्या हातचं तेल लागलं की वस्तू थांबायचं विसरून जाते, असं कारखान्यात सगळे सांगत. त्यांच्या घरचा छताचा पंखा बटण बंद केल्यावर पावणेदोन दिवस फिरत राहिला आणि शेवटी मामींनी त्याला झाडूच्या दांड्याने अडवून थांबवलं, हे खुद्द मामींच्या तोंडून ऐकलेली माणसं आहेत. शेजारच्या शिंपीणबाईंच्या मशीनला त्यांनी एकदा तेल घातलं, तर बाई पाणी प्यायला उठल्या तेवढ्या वेळात मशीनने आपणहून दोन बाह्या शिवून ठेवल्या. दोन्ही उजव्याच निघाल्या, हे मात्र मामा कबूल करत. "तेल माझं होतं, अक्कल मशीनची," म्हणत.

तर असे हे मामा चौतीस वर्षं विमानातल्या गार हवेच्या यंत्रांना तेल घालत आले होते. यंत्र दिसायला एवढंसं, कणीक मळायच्या परातीत मावेल इतकं. विमानाच्या इंजिनातून तापलेली, दाबाखालची हवा त्यात शिरते. यंत्र तिला आणखी दाबतं, निववतं, मग एका पात्यांच्या चक्राला फिरवायच्या कामाला जुंपून तिची सगळी गुर्मी उतरवतं, आणि ती थंडगार होऊन प्रवाशांच्या डोक्यावर येते. हे सारं चालतं वीतभर लांबीच्या एका दांड्यावर, आणि तो दांडा मिनिटाला सत्तर हजार फेरे घेतो. त्याला दोन्ही टोकांना धरून फिरू देणारी बेअरिंग तेलावर जगतात. ते तेल चुकून थेंबभर झिरपलं, की त्याची वाफ हवेत मिसळते आणि अडीचशे प्रवाशांना एकाच वेळी वाटतं, शेजारच्याने बूट काढले.

मामांना सख्खी भाची होती. लहानपणी त्यांच्याच खांद्यावर बसून तिने कारखान्याचं फाटक पहिल्यांदा पाहिलं. इंजिनिअर होऊन त्याच फाटकातून आत आली आणि वर्षभरात म्हणाली, "मामा, तेलच काढून टाकू या."

मामांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "मग दांडा फिरणार कशावर?"

"कशावरच नाही. चारही बाजूंनी चुंबकांनी ओढून मधोमध तरंगत ठेवायचा. कुठे टेकायचंच नाही, तर घासणार काय आणि तेल कशाला?"

"आणि हलला म्हणजे?"

"यंत्राचा मेंदू सेकंदाला वीस हजार वेळा बघतो, दांडा कुठे आहे ते. केसाच्या दहाव्या भागाइतका जरी सरकला, तरी लगेच ओढून जागेवर."

"म्हणजे तुझ्या मामीसारखंच," मामा म्हणाले.

दोन दिवस मामा ती दिसली की वाट बदलत. तिसऱ्या दिवशी तीच आली. "जुळणी करायला मला तुझेच हात हवेत. दुसऱ्या कुणाचे चालणार नाहीत. फक्त तेलाची डबी बाहेर ठेवायची. आत एक थेंब आला तरी माझं नाक कापलं जाईल."

बरं, म्हणाले मामा. चाचणी-खोलीच्या लोखंडी दाराशी त्यांनी एक खिळा ठोकला आणि लांब चोचीची आपली पितळी डबी त्याला टांगली. ते दारही एक नमुनाच होतं. अकरा वर्षं ते उघडताना असं किंचाळायचं की कुणीतरी मांजराच्या शेपटीवर पाय दिलाय. साहेब येत असले तरी आतल्यांना आधी कळायचं आणि हातातले डबे टेबलाखाली जायचे, म्हणून त्याला तेल घालायचं कधी कुणी नाव काढलं नाही.

चार महिने जुळणी चालली. मामांनी एकेक चुंबक असा बसवला की जणू नवजात बाळाच्या कानात दागिना घालतायत. दांडा पहिल्यांदा तरंगला त्या दिवशी त्यांनी त्याच्याखालून आणि वरून कागदाचा कपटा फिरवून पाहिला, मग घरी जाऊन मामींना उठवून सांगितलं. मात्र एका गोष्टीने भाचीची झोप उडाली होती. पूर्ण वेगात वीज गेली तर? चुंबकांचा जोर संपणार, दांडा खाली पडणार. मामांना सांगायच्या आधी तिने दुसऱ्यांकडून जुळवून घेतलेल्या पहिल्या नमुन्यात तसंच झालं होतं. खिळ्यांनी भरलेली बादली जिन्यावरून घरंगळावी तसा आवाज झाला आणि चार महिन्यांचं काम चार सेकंदांत भुगा झालं. नव्या यंत्रात तिने तोड काढली होती. वीज गेली की फिरता दांडाच आपल्या फिरण्यातून वीज तयार करणार, आणि त्याच विजेवर स्वतःला तरंगत ठेवणार, अगदी हळू होईपर्यंत. कागदावर ते झकास होतं. पूर्ण वेगाला करून पाहायची तिची छाती होत नव्हती. घेणाऱ्यांना तिने लिहून दिलं, ही एक चाचणी दोन महिन्यांनी करू.

घेणारे म्हणजे एक विमान कंपनी. चाळीस विमानांना यंत्रं हवी होती. आज ते बघायला येणार होते. पसंत पडलं तर चाळीस यंत्रं, नाही पडलं तर साहेबांनी आधीच सांगितलं होतं, विभाग बंद आणि भाचीची रवानगी रंगकामाच्या शेडमध्ये, डबे मोजायला.

सकाळी सहाला मामाच सगळ्यांत आधी आले. दार उघडलं, दिवे लावले, यंत्र पुसलं, झाकणाचे बोल्ट एकदा हाताने चाचपले. दहाला पाहुणे यायचे होते. साडेनऊला मामा चहाचा कप उचलायला गेले आणि त्यांची नजर आपल्या डाव्या बाहीवर पडली.

बाहीच्या टोकाशी नाण्याएवढा तपकिरी डाग होता. ओला. ताजा.

चौतीस वर्षांची खोड होती ती. तेल घातलं की अंगठा डाव्या बाहीला पुसायचा. घरातल्या एकूण एक सदऱ्याला तो डाग होता, मामींनी धुवायचं केव्हाच सोडून दिलं होतं. पण गेले चार महिने बाह्या स्वच्छ होत्या. मामांनी डाग हुंगला. आपलंच तेल. घातलं कुठे, ते काही केल्या आठवेना. हात डोक्याला न विचारता आपला आपण जाऊन आला होता.

ते धावत खिळ्यापाशी गेले. डबीची चोच भिंतीकडे वळलेली होती आणि टोकाला थेंब लोंबत होता.

"काय मामा, काय शोधताय?"

मामा टाचेवर गरकन फिरले. मागे साहेब उभे होते. "साहेब! तुम्ही आलात कधी?"

"हा आत्ता. घाम का फुटलाय तुम्हाला?"

साहेब मांजराच्या पावलांनी चालायला कधी शिकले, असं मामांच्या मनात आलं आणि निघून गेलं. डोक्यात एकच विचार घुमत होता. पोरीच्या यंत्रात आपण तेल घातलं.

तेवढ्यात साहेबांच्या मागून पाहुणे पोहोचले आणि सगळे आत गेले. एक उंच, मोजकं बोलणारे मुख्य पाहुणे, वहीवाले. आणि त्यांच्याबरोबर एक ठेंगण्या बाई. या बाईंचं काम फक्त वास घेण्याचं. विमानातली हवा स्वच्छ आहे की नाही, ते त्यांचं नाक सांगणार. कारखान्यात त्यांच्या आधी त्यांची कीर्ती येऊन पोहोचली होती. एकदा म्हणे त्यांनी विमानतळावर उभं राहून वैमानिकाने आदल्या दिवशी कोणता साबण वापरला ते सांगितलं होतं.

"पोरी, ऐक जरा," मामा भाचीच्या कानाशी लागले.

"मामा, आत्ता नको."

"अगं पण..."

"मामा! पाया पडते तुझ्या. अर्धा तास."

आणि तिने कळ दाबली.

पडद्यावर एक हिरवा ठिपका होता, तळाशी बसलेला. तो अलगद उठला आणि वर्तुळाच्या मधोमध येऊन थांबला. दांडा तरंगू लागला. वहीवाले पाहुणे पुढे वाकले. मग दाबाची हवा सोडली. दहा हजार. वीस. चाळीस. आवाज असा, की लांब कुठेतरी कुणी पेल्याच्या काठावरून ओलं बोट फिरवतंय. ठिपका तसूभर हलेना. हवा बाहेर पडायच्या नळीवर पांढरं दव धरलं, मग त्याचं बर्फ झालं.

"वा!" साहेब म्हणाले. ते सहसा एवढं बोलत नसत.

वासवाल्या बाई नळीपाशी नाक नेऊन डोळे मिटून उभ्या होत्या. मामा त्यांच्या शेजारीच, जीव मुठीत धरून. पन्नास हजार. साठ. आता तेल तापलं असेल. आता त्याची वाफ झाली असेल. आता ती नळीत शिरली असेल. सत्तर हजार!

बाईंच्या नाकपुड्या हलल्या. एकदा. दोनदा. त्यांनी डोळे उघडले.

"थांबा," त्या म्हणाल्या. "तेल आहे इथे."

भाची हसली. "शक्यच नाही. या यंत्रात तेलाचा थेंबही..."

"थांबव, पोरी!" मामा ओरडले. "मी घातलंय! माझ्या हातून गेलंय! बंद कर!"

भाचीचा हात विचार करायला थांबला नाही. शेवटी घराणं तेच, हातही तेच. समोरचं लाल बटण तिने तळहाताने धाडकन दाबलं.

लाल बटण म्हणजे सगळं बंद. हवाही आणि वीजही. यंत्राला वीज पुरवणाऱ्या कपाटावरचे दिवे विझले. पडदा काळा झाला. आणि तेव्हा भाचीला कळलं, आपण काय केलं ते. तिचा चेहरा पांढराफटक पडला. सत्तर हजारांवर फिरणारा दांडा, आणि त्याला धरायला वीज नाही.

मामांनी डोळे घट्ट मिटले. खिळ्यांची बादली आता जिन्यावरून सुटणार.

एक क्षण गेला. दोन. पाच. बादली काही सुटेना. पेल्याच्या काठावरचं बोट तेवढं फिरतच होतं, आवाज हळूहळू खाली येत होता. मामांनी एक डोळा उघडला. यंत्राच्या अंगावर एक बारका हिरवा दिवा लागलेला होता. बाहेरची वीज नसताना.

"स्वतःची स्वतः करतोय," भाची पुटपुटली. मग ओरडलीच, "मामा, वीज तो स्वतःची स्वतः करतोय!"

कुणी जागचं हललं नाही. साहेबांनी कधी नव्हे ते मामांचा हात धरला होता आणि सोडायला विसरले होते. आवाज आणखी उतरला, गुणगुण झाला, मग श्वासासारखा झाला. शेवटी बशीत कप ठेवावा तसा एवढासा 'टक' ऐकू आला. दांडा टेकला.

झाकण उघडलं ते मामांनीच. भाचीने खालून आधार दिला. पांढरं फडकं आत फिरवलं, बाहेर काढलं. पांढरंच. दुसरं फिरवलं. तेही पांढरं. दांड्यावर ओरखडा नव्हता, आणि तेलाचा तर मागमूस नव्हता.

"मग वास?" साहेब म्हणाले.

वासवाल्या बाईंनी नळी हुंगली, यंत्र हुंगलं, वाटेत साहेबांना हुंगून नाक मुरडलं, आणि मामांच्या डाव्या बाहीपाशी येऊन थांबल्या. "हे बघा. इथून येतोय."

"ते ठाऊक आहे मला," मामा रडकुंडीला आले. "पण उरलेलं गेलं कुठे, बाई?"

तेवढ्यात मामी आल्या. मामा डबा विसरून आले होते, तो घेऊन. लोखंडी दार उघडून त्या सरळ आत येऊन उभ्या राहिल्या, आणि सगळे त्यांच्याकडे भूत पाहावं तसे बघायला लागले.

"काय झालं? डबाच आणलाय."

दार किंचाळलं नव्हतं. अकरा वर्षांत पहिल्यांदा. वासवाल्या बाई तुरुतुरु दाराकडे गेल्या, बिजागरीपाशी वाकल्या आणि एका हुंगण्यात निकाल दिला, "हेच तेल."

सकाळी सहाला मामा एकटे. खोलीत चिटपाखरू नाही, त्यात दाराची ती किंकाळी, आणि खिळ्यावर हाताशी डबी. हाताने आपलं काम केलं होतं. भाची इतकी हसली की तिला स्टूल ओढून बसावं लागलं. मामा मात्र हसेनात. "माझ्यामुळे तुझी चाचणी मोडली," म्हणाले.

"मोडली?" वहीवाले पाहुणे पहिल्यांदाच बोलले. "वीज तोडायची चाचणी दोन महिन्यांनी करणार, असं तुम्हीच लिहिलं होतं ना, मॅडम?"

"हो. म्हणजे आज करायची नव्हती..."

"पण झाली. पूर्ण वेगाला." त्यांनी वहीत काहीतरी खरडलं. "मला शंका एवढीच आहे, की हे नशिबाने झालं की यंत्राने. पुन्हा करून दाखवाल? या वेळी न ओरडता."

भाचीने मामांकडे पाहिलं. एका वेळी जमलं ते दुसऱ्या वेळी जमेलच असं नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. पुन्हा पडला तर चार महिने गेले, आणि पुढे रंगाच्या शेडमधले डबे.

"जुळणी कुणाची आहे?" तिने विचारलं.

"माझी," मामा म्हणाले.

"मग बटण तू दाब. बाही वर करून."

मामांनी दोन्ही बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या. झाकण बसलं, ठिपका उठून मधोमध आला. चाळीस. साठ. सत्तर. मामांनी अंगठा लाल बटणावर ठेवला. "दाबू?"

"थांब," भाचीचे डोळे चमकत होते. "ऐंशी होऊ दे."

"पोरी!"

"ऐंशी, मामा!"

ऐंशी झाले. मामांनी दाबलं. अंधारलेल्या कपाटाशेजारी तो बारका हिरवा दिवा टचकन लागला आणि खोलीतली सगळी माणसं, डबा घेऊन उभ्या असलेल्या मामींसकट, ओठांतल्या ओठांत आकडे मोजू लागली. दोनशे सतरावर कप बशीत टेकला.

वहीवाल्यांनी वही मिटली. "चाळीस," ते म्हणाले. "आणि दोन जास्तीची."

साहेब त्यांना पोहोचवायला गेले, जाताना दार नुसतं बोटाने ढकललं. तेव्हापासून ते दार आत-बाहेर, आत-बाहेर झुलत राहिलं ते थेट जेवणाच्या सुट्टीपर्यंत. शेवटी मामींनीच रिकामा डबा मध्ये ठेवून त्याला थांबवलं.