लोपेतीच्या कमरेची चटई

साहेब, तुमच्या सरकारला तोंडं दोन आहेत आणि कातडी एकही नाही, हा माझा आरोप आहे. एका तोंडानं तुमचा दवाखाना सांगतो, इसब आहे ना, मग कमरेला खरखरीत काही लावू नका, सैल सुती घाला, खाजवू नका. दुसऱ्या तोंडानं तुमची कचेरी सांगते, कमरेला चटई बांधल्याशिवाय कामावर येऊ नका. आणि या दोन तोंडांच्या मधोमध लोपेतीची कंबर!

त्या सोमवारी लोपेती चटई न बांधता पोस्टात आला तेव्हा खिडकीसमोरच्या रांगेतल्या सगळ्या माना त्याच्या कमरेकडे वळल्या. आपल्या टोंगाच्या बेटांवर माणूस एक वेळ अनवाणी कामावर येईल, पण लुंगीवरून कमरेला विणलेली चटई गुंडाळल्याशिवाय येणार नाही. त्यात लोपेती म्हणजे कुणाच्या अध्यात ना मध्यात, आयुष्यभर पाकिटांवर शिक्के मारत आलेला गरीब गडी.

हेडसाहेबानं त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"लोपेती, नागडा आलास?"

"लुंगी आहे की, साहेब."

"लुंगी तर झोपतानाही असते! चटई कुठाय?"

"इसब चिघळलंय. नर्सबाई म्हणाल्या, बरं होईपर्यंत बांधू नकोस."

"मग नर्सबाईंच्याच दारात बसून शिक्के मार. उद्या चटई नसेल, तर तूही दिसायचा नाहीस."

नर्सबाईंनी खरं तर दोन गोष्टी सोडायला सांगितल्या होत्या. एक ही चटई आणि दुसरं वासाचं तेल. त्यातलं जे सोपं होतं, ते लोपेतीनं आधी केलं. नागडा होऊन कचेरीत गेला. कारण तेल होतं आत्याचं.

संध्याकाळी बायकोनं, सेईनीनं, कोमट पाणी काढून दिलं. न घासता त्याचं अंग टिपलं आणि ओलसर असतानाच दवाखान्याचं बिनवासाचं मलम कमरेवर थापलं.

"आता खाजवलंत, तर हात बांधून ठेवीन हं!"

"बांध. मी दाराला पाठ घासेन."

तेवढ्यात अंगणातून हाक आली. मेलेनाइते आत्या! लोपेती चटईशिवाय कामावर गेल्याची बातमी तो घरी पोचायच्या आधीच तिच्या घरी पोचली होती. टोंगात बापाची बहीण म्हणजे घरातलं हायकोर्ट. तिच्या निकालावर अपील नाही. तिच्या हातात बाटली होती. खोबरेल तेल, त्यात चंदन आणि तिच्या अंगणातली फुलं मुरवलेली. या तेलाशिवाय त्या घराण्यातलं एकही पोर वाढलं नव्हतं.

"हे काय भिंतीला चुना फासल्यासारखं?" आत्या मलमाकडे बघत म्हणाली. "पूस ते. पालथा हो."

सेईनीनं तोंड उघडलं. पण ती पडली सून. मिटलं.

लोपेती पालथा झाला. दर शनिवारी व्हायचा, रविवारी चर्चमध्ये अंग तुकतुकीत दिसावं म्हणून. आणि मग आठवडाभर दाराच्या चौकटीला कंबर घासायचा, डुकरानं माडाला घासावी तशी. बुचाचा आवाज आला. फुलांचा वास आला. कंबर आधीच पेटली.

"आत्या, नको."

अंगणातली कोंबडीसुद्धा थबकली.

"काय म्हणालास?"

"नको म्हणालो." तो जमिनीवरच्या चटईत तोंड खुपसूनच बोलत होता. "तुमच्या फुलांनी आग होते. नर्सबाई कधीच्या सांगतायत."

"आणि तरी दर शनिवारी पालथा होत होतास?"

"तुम्हाला नाही कसं म्हणायचं?"

"गाढवा! देवानं तोंड काय नुसतं रताळी गिळायला दिलंय? मी तुला जाळत होते आणि तू मुकाट पडून होतास!"

आत्यानं बूच लावलं. बाटली मांडीवर ठेवली. मग नाक ओढून म्हणाली, "सेईनी, जुन्यात जुनी चादर आण. आणि याची कामावरची चटई."

सेईनीनं लाजत चादर आणली. "आत्याबाई, फार विरलीय हो."

"म्हणूनच मऊ असेल. बाहेरून चटई दिसली म्हणजे झालं. आत कोण बघतंय?"

चटईला आतून चादरीचं अस्तर लागलं. दुसऱ्या दिवशी लोपेती ती सैल बांधून खिडकीत उभा राहिला. हेडसाहेब खूश. "आता कसा माणसात आलास!" लोपेतीनं शिक्का जरा जोरात मारला, एवढंच.

शनिवारी आत्या नवी बाटली घेऊन आली. तेल पाण्यासारखं नितळ, वास कसलाच नाही. तिच्या अंगणात त्या आठवड्यात फुलांचा नुसता सडा पडला होता. कुणी वेचलाच नाही.

लोपेती सवयीनं पालथा झाला. आत्या मात्र बाटली धरून तशीच उभी. मग जन्मात पहिल्यांदा तिनं त्याला विचारलं,

"लावू का?"

साहेब, जिला उभ्या आयुष्यात कुणी नाही म्हटलं नव्हतं, त्या म्हातारीनं एका 'नको'वर आपली फुलं सोडली. तुम्हाला आम्ही किती वेळा 'नको' म्हणायचं? उत्तर द्या.